काम सुटल्यावर काय करावे: सातारा-सांगलीच्या कारखाना कामगारांसाठी

पुण्याच्या मोटार कंपन्यांनी उत्पादन कमी केले की त्याचा फटका काही आठवड्यांतच शिरवळ, सातारा, कुपवाड आणि पलूसपर्यंत पोचतो, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी लहान-मध्यम कारखाने सुटे भाग, कास्टिंग आणि मशिनिंगच्या कामावर जगतात. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी जाते, मग ठेकेदाराची माणसे कमी होतात आणि शेवटी कायम कामगारांच्या नावांची यादी निघते. २००८ ची मंदी, २०१९ मधील वाहन उद्योगाची घसरण आणि २०२० ची टाळेबंदी या तिन्ही वेळी क्रम साधारण हाच होता. भरतीच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बरीच वर्षे बसल्यामुळे काम सुटलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. ज्यांना लवकर पुन्हा काम मिळाले ती माणसे इतरांपेक्षा हुशार होती असे नाही. त्यांनी कागद सांभाळले होते आणि नवे काय शिकायचे हे क्लासच्या जाहिरातीवरून न ठरवता कारखान्याच्या गेटवर विचारून ठरवले होते. पुढील मजकूर त्याच दोन गोष्टींविषयी आहे.

सही करण्यापूर्वी

कामावरून कमी करताना अनेक ठिकाणी कामगारापुढे छापील कागद ठेवला जातो आणि ‘इथे सही करा, म्हणजे हिशेब लगेच होईल’ असे सांगितले जाते. तो कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. त्यावर ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असे लिहिलेले असेल, तर कपातीची भरपाई मागण्याचा आपला हक्क आपणच सोडून देत आहोत हे लक्षात घ्यावे. ज्या कामगाराने सलग एक वर्ष, म्हणजे हिशेबाने किमान २४० दिवस, काम केले आहे, त्याला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. नव्या संहितेत आणखी एक भर पडली आहे, आणि आपल्या विषयासाठी ती फार महत्त्वाची आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या हिशेबाने पंधरा दिवसांची रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी ती तरतूद आहे. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन या रकमेची लेखी चौकशी करावी. न मागता मिळेल या भरवशावर राहू नये.

ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज घ्यावी, तिला पंधराने गुणावे, सव्वीसने भागावे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावे. समजा, ही बेरीज १८,००० रुपये आहे आणि सेवा आठ वर्षांची झाली आहे, तर ग्रॅच्युइटी सुमारे ८३,००० रुपये होते. कायम कामगाराला त्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने एक वर्षानंतरही प्रमाणशीर हक्क दिला आहे. ठेकेदाराकडे हजेरी असलेल्या कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो, त्यामुळे त्याने पगाराच्या स्लिपा, गेटपास आणि बँक खात्याचा उतारा अधिकच जपून ठेवावा. वाद झालाच, तर आपण तिथे काम केले हे सिद्ध करायला हेच कागद उपयोगी पडतात.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान घाईमुळे होते. काम सुटले की पहिल्याच महिन्यात सगळा पीएफ काढून घ्यावा असे घरातील वडीलधारी मंडळी आणि सायबर कॅफेवाले दोघेही सुचवतात. पण पीएफबरोबरच्या निवृत्तिवेतनासाठी (पेन्शनसाठी) दहा वर्षांची पात्र सेवा लागते, आणि मधेच पेन्शनच्या खात्यातील रक्कम काढली की मागची वर्षे त्या मोजणीतून जातात. सात-आठ वर्षे भरलेल्या माणसाने त्या रकमेला हात न लावता योजना प्रमाणपत्र (मागची सेवा पेन्शनच्या मोजणीत राहावी म्हणून पीएफ कार्यालय देते तो कागद) घ्यावे किंवा नवी नोकरी लागल्यावर खाते तिकडे वळवावे. पाच वर्षांपेक्षा कमी सेवेत पन्नास हजारांहून अधिक रक्कम काढल्यास करही कापला जातो. शिवाय जुन्या मालकाने पोर्टलवर आपली सेवा संपल्याची तारीख भरली आहे का, हे तपासावे. ती भरली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटल्यावर कामगाराला ती स्वतःच भरता येते. आधारवर ‘पाटील राजाराम’ आणि पीएफला ‘राजेंद्र पाटील’ असा फरक असल्यामुळे अडकून पडलेले दावे मी पुष्कळ पाहिले आहेत. नावाची दुरुस्ती कंपनीच्या मदतीने लवकर होते, म्हणून कंपनीशी संबंध बरे असतानाच ती उरकून घ्यावी.

पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी, कापली जात असेल, तर उपचाराची सोय नोकरी सुटल्याच्या दिवशी लगेच बंद होत नाही. आधी भरलेल्या वर्गणीनुसार ती पुढे काही महिने चालते. त्याच महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बेरोजगार झालेल्या पात्र विमाधारकाला जास्तीत जास्त नव्वद दिवसांपर्यंत आर्थिक साहाय्य देते. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे सध्याची स्थिती आणि अटी ईएसआयच्या कार्यालयातच विचाराव्यात. कंपनीतून बाहेर पडताना अनुभव पत्र, कार्यमुक्तीचे पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा हातात घेतल्याशिवाय गेट सोडू नये.

घरचा हिशेब

काम सुटल्याची गोष्ट घरात लपवून रोज डबा घेऊन बाहेर पडणारी माणसे आहेत. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीपोटी महिना-दोन महिने असेच जातात आणि तेवढ्यात मिळालेली भरपाई घरखर्चात संपून जाते. बायकोला आणि मोठ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. बँकेचा किंवा पतसंस्थेचा हप्ता थकण्यापूर्वी शाखाधिकाऱ्याला भेटून मुदत वाढवून मागावी. हप्ते थकल्यानंतर गेलेल्या माणसाचे तितके ऐकले जात नाही. खासगी सावकाराच्या दारात मात्र जाऊ नये. परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करता येते. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲपसुद्धा त्याच माळेचे मणी आहेत.

मधल्या काळातील हातखर्चासाठी आपल्या भागात शेतमालाच्या हंगामाचा आधार असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, तेव्हा फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि वजनकाट्यावरील लिपिक हंगामापुरते घेतले जातात. जानेवारीनंतर सांगलीच्या बाजारात हळदीची आवक वाढते आणि तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षे, बेदाण्याचे शेड आणि शीतगृहे यांचे काम सुरू होते. हंगामी काम पत्करण्यात कमीपणा नाही. मात्र दिवसभराचे काम घेताना आठवड्यातील एक दिवस कायम नोकरीच्या शोधासाठी राखून ठेवावा, नाहीतर हंगाम संपल्यावर माणूस पुन्हा होता तिथेच येतो.

काय शिकावे हे गेटवर ठरवावे

मंदीच्या काळात क्लासच्या जाहिराती वाढतात. तीन महिन्यांत हमखास नोकरी, शंभर टक्के प्लेसमेंट, परदेशात संधी असे फलक एसटी स्टँडपासून चौकाचौकांत दिसू लागतात, आणि भरपाईची रक्कम नुकतीच हातात आलेला माणूस पन्नास-साठ हजार रुपये भरून मोकळा होतो. कोणत्याही क्लासला पैसे भरण्यापूर्वी आपल्याला जिथे काम करायचे आहे तिथल्या चार-पाच कारखान्यांच्या गेटवर पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहावे. तिथले ‘पाहिजेत’ असे लिहिलेले फलक वाचावेत, चहाच्या टपरीवर बसलेल्या सेटरशी (मशीन कामासाठी लावून देणाऱ्याशी) आणि सुपरवायझरशी बोलावे आणि त्यांना सरळ विचारावे: सध्या कोणत्या मशीनला माणूस मिळत नाही? या क्लासचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या किती जणांना इथे घेतले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्लासच्या मालकाकडून कधीच खरे मिळत नाही; टपरीवर ते दोन मिनिटांत मिळते.

विचारून झाल्यावर आपल्या कामाच्या शेजारचे काम कोणते, याचा विचार करावा. दहा वर्षे लेथवर काढलेल्या माणसाने सगळे सोडून संगणक शिकायला बसणे म्हणजे दहा वर्षांचा अनुभव फुकट घालवणे होय. त्याला मापे कळतात, धातू कळतो, टूल कधी झिजले हे आवाजावरून कळते. त्याला फक्त सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅम वाचणे, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देणे आणि सेटिंग करणे शिकायचे असते. नुसते बटन दाबणारे ऑपरेटर पहिल्या फेरीत कमी होतात, सेटर शेवटपर्यंत ठेवले जातात, हे मी प्रत्येक मंदीत पाहिले आहे. तसेच साधे आर्क वेल्डिंग करणाऱ्याने टिग (वायूच्या आवरणात केले जाणारे बारीक वेल्डिंग) आणि पाइप वेल्डिंगकडे वळावे, फाउंड्रीत मोल्डिंगवर असलेल्याने वाळूची चाचणी आणि तपासणी विभाग पाहावा, स्टोअरमध्ये असलेल्याने ईआरपीवरील (कंपनीच्या साठा-हिशेबाच्या संगणक प्रणालीवरील) नोंदी, जीएसटी आणि ई-वे बिलाचे काम शिकून घ्यावे.

दुसरी कसोटी मला अधिक मोलाची वाटते. ज्या कामाला कायद्याने प्रमाणपत्र किंवा परवाना असलेला माणूस लागतो, ते काम मंदीतही सहसा पूर्ण बंद होत नाही. बॉयलर अटेंडंटचे उदाहरण घ्यावे. साखर कारखाना, दूध संघ, आसवनी किंवा कापड प्रक्रिया अशा ठिकाणी जिथे वाफेचा बॉयलर चालतो, तिथे तो सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली चालवावा लागतो. हे प्रमाणपत्र राज्याच्या बाष्पके संचालनालयामार्फत परीक्षा घेऊन मिळते आणि त्यात द्वितीय व प्रथम असे वर्ग आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने, सहवीजनिर्मिती आणि इथेनॉलचे प्रकल्प भरपूर आहेत, आणि अनेक वर्षे बॉयलर हाउसमध्ये मदतनीस म्हणून राबूनही परीक्षेला न बसलेले कितीतरी कामगार आहेत. प्रत्यक्ष कामाची माहिती त्यांना असतेच. त्यांनी पाण्याची पातळी, सुरक्षा झडप, ब्लो-डाउन (बॉयलरमधील गाळाचे पाणी बाहेर सोडणे) आणि पाण्याची रासायनिक चाचणी यांची लेखी-तोंडी तयारी केली, तर त्यांच्या पगारात आणि स्थैर्यात मोठा फरक पडतो. वायरमन आणि विद्युत पर्यवेक्षक यांच्या परवान्याचेही असेच आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून आणि शेतीच्या सौर पंपांमुळे गावोगावी पॅनेल बसू लागले आहेत, त्यामुळे परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला सौर जोडणीचे काम शिकून घेणे फार जड जात नाही. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि सांगलीतील ढालगाव परिसरात पवनचक्क्या आहेत. त्यांच्या देखभालीसाठी उंचीवर काम करण्याची तयारी असलेले तंत्रज्ञ लागतात.

मिरज आणि कराड ही रुग्णालयांची गावे असल्यामुळे घरातील मुली-सुनांना, आणि मुलांनासुद्धा, आरोग्यसेवेचा मार्ग मोकळा आहे. मात्र इथे फसवणूकही सर्वांत जास्त होते. ‘सहा महिन्यांत नर्सिंग’ असा कोणताही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नाही. एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा असतो आणि संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता असावी लागते. फी भरण्यापूर्वी मान्यतेचे पत्र डोळ्यांनी पाहावे आणि परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव शोधावे.

शिकण्याच्या जागांपैकी आयटीआय अजूनही सर्वांत स्वस्त आणि विश्वासाची आहे. वेल्डर एक वर्षाचा, फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. प्रवेश दहावीच्या निकालानंतर राज्यभर ऑनलाइन होतात. पण घर चालवणाऱ्या चाळिशीच्या माणसाला दोन वर्षे बसून शिकणे परवडत नाही. त्याने जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन अल्प मुदतीचे अभ्यासक्रम आणि अनुभवाला मान्यता देणारे प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आरपीएल म्हणतात, यांची चौकशी करावी. आरपीएलमध्ये नवे फारसे शिकवले जात नाही. येत असलेल्या कामाची चाचणी होऊन कागद मिळतो. पंधरा वर्षे काम करूनही हातात एकही प्रमाणपत्र नसलेल्या माणसासाठी तो कागद मोलाचा ठरतो. याच केंद्राच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवावे, कारण रोजगार मेळाव्यांची आणि रिक्त जागांची माहिती तिथे येते.

स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यांसाठी अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, आहे. तिथे दुचाकी दुरुस्ती, घरगुती वायरिंग, शिवणकाम, शेळीपालन, दुग्धव्यवसाय असे शिक्षण राहण्या-जेवणासह विनामूल्य मिळते. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी यांसारख्या अठरा व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते. मात्र भरपाईची सगळी रक्कम दुकानाच्या डिपॉझिटमध्ये घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आधी सहा महिने दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये हात काळे करावेत, गिऱ्हाईक कोणत्या महिन्यात येते आणि उधारी किती राहते हे पाहावे, मग जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज करावा.

तरुणांसाठी कमवत शिकणे हाच उत्तम मार्ग आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात श्रम करत शिकण्याची परंपरा रुजवली. आज शिकाऊ उमेदवारी हे त्याच विचाराचे कारखान्यातील रूप आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्रही मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा असे विद्यावेतन ठरले होते. तिला कायम नोकरी समजू नये. त्या महिन्यांत काय शिकता येईल यावर जागा निवडावी.

बायोडाटा आणि हातची परीक्षा

कारखान्यातील बायोडाटा एका पानाचा असावा आणि त्यात ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू’ अशी विशेषणे नसावीत, कारण ती प्रत्येकाच्या कागदावर असतात. त्याऐवजी कोणत्या मशीनवर, कोणत्या कंट्रोलवर, कोणत्या धातूवर आणि किती बारीक मापात काम केले ते लिहावे. ‘सीएनसी टर्निंग, फानुक कंट्रोल, ईएन-८ आणि एसजी आयर्न, दोन शतांश मिलिमीटर टॉलरन्स, स्वतः सेटिंग आणि ऑफसेट’ ही एक ओळ वाचली की भरती करणारा मान वर करून पाहतो. काम का सुटले असे विचारल्यावर खरे कारण शांतपणे सांगावे. ऑर्डर घटल्यामुळे माणसे कमी केली, एवढे पुरते. जुन्या मालकाला नावे ठेवू नयेत.

मुलाखतीपेक्षा ट्रेड टेस्टची, म्हणजे हातच्या परीक्षेची, तयारी अधिक करावी. टर्नरच्या परीक्षेत बहुधा एक ड्रॉइंग, एक तयार शाफ्ट आणि मायक्रोमीटर समोर ठेवतात. ड्रॉइंगवर व्यास २५ मिलिमीटर आणि शेजारी वर शून्य, खाली उणे ०.०२ असे लिहिलेले असते. याचा अर्थ २४.९८ ते २५.०० पर्यंतचे माप चालते, २५.०१ आले तर शाफ्ट पुन्हा मशीनवर घेऊन दुरुस्त करता येतो, पण २४.९७ आले तर तो भंगारात जातो. हे माप सांगणारे पुष्कळ असतात. पुढे ‘म्हणून फिनिशिंगच्या कटाआधी थोडे माप राखून ठेवून मी एकदा मोजतो’ असे सांगणारा एखादाच, आणि नेमणूक बहुधा त्याचीच होते. वेल्डरला पट्ट्या जोडायला देतात आणि मग जोड वाकवून पाहतात. वरून सुंदर दिसणारा सांधा मुळाशी जुळलेला नसेल तर वाकवताना तिथेच उघडतो. कामात खंड पडला असेल, तर परीक्षेआधी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चार दिवस जाऊन हात चालता करून घ्यावा.

शोध फक्त आपल्या तालुक्यापुरता ठेवू नये. साताऱ्याच्या माणसाने शिरवळ, खंडाळा, लोणंद, फलटण आणि तासवडे, सांगली-मिरजेच्या माणसाने कुपवाड, पलूस आणि त्यांच्याबरोबर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहती पाहाव्यात. कंपनीची बस आहे का, याची आधी खात्री करावी, कारण पगारातील वाढ जाण्या-येण्यातच खर्च होत असेल, तर जवळची कमी पगाराची जागा बरी. नोकरीसाठी अनामत, गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नये. ऑनलाइन पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

जागा मिळाली आणि पगार पूर्वीपेक्षा कमी असला, तर तो स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: हजेरी कंपनीच्या मस्टरवर की ठेकेदाराच्या, पीएफ कोणत्या रकमेवर कापला जाईल, ओव्हरटाइमचा दर कायद्याप्रमाणे दुप्पट आहे का, आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल का. उत्तरे नेमणूक पत्रात लिहून घ्यावीत. रुजू होताना जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्यावा, नवा काढू देऊ नये. पहिल्या दोन पगारांनंतर पासबुक उघडून वर्गणी खरोखर जमा झाली आहे का ते पाहावे, जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात वळवण्याचा अर्ज ऑनलाइन करावा आणि वारसाचे नाव नोंदवून घ्यावे.